बोटीनं आणलेला पाऊस

— नाही बाई, शब्द मागं घ्यायचं सोडून दुसरं काहीही सांगा. नारळ फोडून देते, उकडलेलं रताळं आहे ते देते, चटईवर नीट टेकून बसा, बोटीत पाय आखडले असतील — पण ते नाही. तिनंच पाठवलंय ना तुम्हाला? कळतं मला. नुकुआलोफाच्या, राजधानीच्या शाळेतल्या बाई हापाईच्या बेटावर उगीच येत नाहीत, तेही शाळा चालू असताना, तेही आमच्या गावात, जिथं बघायला एक चर्च आणि बाकी डुकरं. कालोलाइनेनंच पाठवलं. माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, माझ्या लुपेची आत्या, तुमच्या शाळेत मुलींना वादविवाद शिकवते ती. तिच्या दुसऱ्या भावाच्या मुलीचं लग्न आलंय, आणि आत्या म्हणून सगळ्यांत वरच्या चटईवर हिनं बसायचं, मानाचं कापड हिच्या अंगावर पडायचं — आणि नवरीच्या आईनं निरोप धाडलाय की, वन्सं, या खेपेला तुम्ही नाही आलात तरी चालेल. पोचलं माझ्यापर्यंत. हसले मी. इथंच बसून चटईसाठी केवड्याची पानं खरवडत होते, एकटीच हसत होते, तर सासू म्हणाली, काय गं फिफिता, ऊन लागलं का तुला? म्हटलं, नाही आई, वारा लागला. चांगला लागला.

कारण ते माझ्यामुळं झालं. सांगा ना तिला, फिफिता हसत होती म्हणून. सांगाच.

तुम्ही तिच्या घरी गेला असाल. तो ओटा पाहिलाय? निळ्या पायऱ्यांचा? मी त्या ओट्याच्या मागच्या स्वयंपाकघरात राहिले. लुपे पोटात होती, माझा नवरा सामिसोनी ऑस्ट्रेलियात फळं तोडायला गेलेला, इथल्या दवाखान्यात डॉक्टर असला तर असतो नाहीतर नसतो — म्हणून वन्सं येऊन मला घेऊन गेल्या. आता तुम्ही म्हणाल, बघ, किती केलं तिनं तुझं. केलं. मी कुठं नाही म्हणते? कळा चालू झाल्या तेव्हा माझा हात तिच्या हातात होता, मी नखं रुतवली तर हूं की चूं केलं नाही तिनं. केलं म्हणून द्यायचं का लेकरू? भाजी दिली की भांडं परत द्यायचं, तसं? — असू दे. ओट्याचं सांगत होते. दुपारी शाळा सुटली की तुमच्या मुली यायच्या, गोल करून बसायच्या, प्रत्येकीच्या हातात ताडाचा पंखा. एक उठून बोलायची, बाकीच्यांनी ऐकायचं, आणि बोलण्यात लबाडी सापडली की पंखा जमिनीवर — टक्! वन्सं विचारायच्या, कुठली लबाडी? नाव सांग. नावंही त्यांनीच पाडलेली, पोरींच्या ध्यानात राहावीत म्हणून. एक पोरगी दुसरीला म्हणाली, हिचं काय ऐकायचं, हिच्या बापानं चर्चच्या जेवणातलं डुकराचं पिल्लू पळवलं होतं — टक्! हा माणसाला मारलेला दगड. बोलणं खोडून काढता येईना की बोलणाऱ्यालाच हाणायचं. एक म्हणाली, आज मुलींना केस मोकळे सोडू दिले तर उद्या नखं रंगवतील, परवा शाळा सोडतील, आणि मग देशात धर्म उरणार नाही — टक्! ओल्या खडकावरची घसरगुंडी. एक पाय घसरला म्हणजे थेट समुद्रातच, मधे थांबायची सोयच नाही! आणि ती सगळ्यांत मजेची — बोट आली, मग पाऊस आला, म्हणजे बोटीनं पाऊस आणला. त्यावर तर त्या पोरी लोळायच्या हसून. मी आत भांडी घासता घासता चमच्यानं टक् करायची, कधी कधी त्यांच्याही आधी. एकदा वन्संनी ऐकलं. दारात येऊन उभ्या राहिल्या, म्हणाल्या, 'अगं, शाळा सातवीत का सोडलीस तू? तुला मी संघात घेतली असती.' इतकं बरं वाटलं मला. मूर्ख मी. ती माझ्या हातात सुरी देत होती, आणि तिला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं.

घ्या ना रताळं. गार होईल.

लुपेचं नाव तिनंच ठेवलं, आत्यानं ठेवायचं असतं, तुम्हाला काय सांगायचं. मी बेटावर परत आले, सामिसोनी आला, लुपे रांगायला लागली — आणि वन्सं आल्या. दोन गोधड्या, दुधाचे डबे, लुपेला एक फ्रॉक, असा मोठा, तीन वर्षांच्या मुलीचा. तो फ्रॉक मी उलगडून लुपेच्या अंगाला लावून पाहिला. एवढा मोठा फ्रॉक कोण आणतं? ज्याला मूल मोठं होताना आपल्या घरात बघायचं असतं ते. आणि तसंच निघालं. संध्याकाळी घरातली मोठी माणसं बसली, सासरे, चुलतसासरे, दोन म्हाताऱ्या, वन्सं वरच्या अंगाला, मी दाराशी. सामिसोनी? तो बाहेर. बहिणीसमोर भाऊ तोंड उघडत नाही आपल्यात, थोरलीसमोर तर एका छपराखालीसुद्धा बसत नाही, मग काय, तो डुकरांना चारायला गेला. आत माझ्या लेकराचा निकाल लागत होता आणि हा डुकरांना चारत होता. इतकं चारलं की डुकरं उठून गेली.

'लुपेला मी नेते,' वन्सं म्हणाल्या. 'मला मूल नाही, तुम्हाला पुढं होतील. शहरात शिकेल.' सगळ्या माना हलल्या. मी म्हटलं, वन्सं, लेकरू अजून अंगावर पितं. तर काय म्हणाली असेल? 'म्हणजे तुझं म्हणणं, मी हिला उपाशी ठेवीन?' — मी कधी म्हटलं तसं? तुम्हीच सांगा, म्हटलं का? ते सोडणाचं बाहुलं! तिनंच शिकवलेलं. दुसऱ्याचं बोलणं बाजूला ठेवायचं, नारळाची सोडणं भरून एक बाहुलं उभं करायचं, त्याला धोपटायचं, आणि म्हणायचं मी जिंकले. माझ्या हातात पानं खरवडायची शिंपली होती. मी ती जमिनीवर आपटली. टक्. तिनं पाहिलं. ओळखलं तिनं तो आवाज. पण थांबली नाही. 'एकतर पोरगी शिकून बाई होईल, नाहीतर तुझ्यासारखी आयुष्यभर केवड्याची पानं खरवडेल.' — टक्. दोनच होड्या! जसं काही किनाऱ्यावर तिसरी नाहीच. 'सातवीतून शाळा सोडलेल्या आईला शिक्षणातलं काय कळणार?' — टक्. दगड. आणि हाच दगड, बाई, ओट्यावर तिनं मला लाडानं दाखवला होता — आता फेकून मारला. 'आज आत्याला नाही म्हणालीस, उद्या मयताला चटई द्यायची नाही म्हणशील, परवा या घराण्याचं नावसुद्धा कोणी घेणार नाही.' — टक्, टक्. मी उठून उभीच राहिले. म्हटलं, वन्सं, ही घसरगुंडी. तुमचीच. आणि त्याआधीचा दगड, त्याआधीच्या दोनच होड्या. एका संध्याकाळी इतक्या लबाड्या तुमच्या संघातल्या मुलीनं केल्या असत्या तर घरी पाठवलं असतंत तिला.

 मला वाटलं आता जिंकले. खरं सांगते, वाटलं मला.

आणि ती हसली. हसली हो! कौतुकानं. सासऱ्यांकडे वळून म्हणाली, 'बघा, माझ्या ओट्यावर शिकली.' मग चुलतसासरे हसले, म्हाताऱ्या हसल्या, एक म्हातारी तर म्हणाली, 'जीभ आहे बाई सुनेला, हिला पाद्रीच करा.' आणि सासरे म्हणाले, 'हुशार आहे सून. बरं. लुपे सोमवारच्या बोटीनं जाईल.' झालं. माझं बरोबर होतं — सगळ्यांना पटलं की माझं बरोबर होतं — आणि लेकरू जाणार होतं. बरोबर असण्याचा काही उपयोग नसतो, हे तुम्ही शाळेत शिकवता का हो मुलींना? शिकवत जा. पंखे कसले आपटता!

विहिरीपाशी सामिसोनीला गाठला. म्हटलं, ऐकलंस ना बाहेरून? म्हणतो, 'तुझं बरोबर आहे.' मग? 'मग काय? ती आत्या आहे.' आत्या आहे म्हणून काय? 'म्हणून तिचं ऐकायचं.' का ऐकायचं? 'अगं, आत्या आहे ना ती!' — कुत्रं शेपटीमागं फिरतं तसा फिरला, आणि मला म्हणतो, 'चक्कर आणतेस तू माणसाला.' मी! मी आणते!

तरीही मी सोसलं असतं, बाई. रडले असते, दिलं असतं, दर सुटीत जाऊन बघून आले असते — देतात की बायका, आपल्यात काय नवीन आहे? माझी स्वतःची आई आत्याकडे वाढलेली. पण मग ती स्वयंपाकघरात आली. एकटी. लुपे माझ्या अंगावर पीत होती. जवळ बसली, लुपेच्या पायावरून हात फिरवला, आणि हळू म्हणाली, 'फिफिता, माझं मन दुखवू नकोस हं. आत्याचं मन दुखलं की लेकराला बाधतं. मी नाही म्हणत, जुनी माणसं म्हणतात.' — कळलं का? तीच, जिच्या ओट्यावर पोरी लोळायच्या हसून! बोटीनं आणलेला पाऊस! तिचा स्वतःचा त्यावर काडीचा विश्वास नाही, मला ठाऊक आहे, मी तिच्या घरात राहिलेय — तिनं उचलून ते माझ्या लेकरावर ठेवलं. कारण तिला ठाऊक होतं की माझा आहे. थोडा आहे. कुठल्या आईचा नसतो? त्या रात्री मला दूध उतरेना. तेव्हा ठरवलं मी. बरोबर बोलून झालं, हसून झालं तुमचं, आता मीही तुमच्यासारखंच बोलते.

रविवार. चर्चहून सगळे आले, भुईभट्टी उघडली, अळूच्या पानांतलं मांस, सुरणासारखे ते मोठे कंद, सगळं घराणं जेवायला — चुलत, मावस, नवरीची आईसुद्धा होती त्यात, हो, तीच, लग्नवाली. वन्सं वरच्या चटईवर, लुपे त्यांच्या मांडीवर, त्या मोठ्या फ्रॉकात बुडालेली. मी वाढत होते. वाढता वाढता थांबले. आवाज असा ठेवला, अगदी मऊ, सुनेचा. म्हटलं, वन्सं, लुपेचं अंग गरम लागतंय का हो? त्यांनी हात लावला. 'हो गं, कढत आहे.' म्हटलं, सकाळी चर्चला जाताना तुम्ही उचललीत तेव्हा चांगली होती. मग एक सांगा. तुम्ही परवा मला म्हणालात, आत्याचं मन दुखलं की लेकराला बाधतं. दुखलं का तुमचं मन?

सगळे घास थांबले.

तिला कळलं. त्याच क्षणी कळलं, हुशार आहे ती, उगीच नाही तिचे संघ जिंकत. दुखलं म्हणावं तर लेकराला ताप तिनं आणला. नाही दुखलं म्हणावं तर मी नाही म्हटलेलं तिला चालतं, मग न्यायचं कशाला? म्हणाली, 'अगं, मुलांना येतो ताप. असाच येतो.' मी म्हटलं, असाच? म्हणजे आत्याच्या मनाचा आणि लेकराचा काही संबंध नाही? मग सांगा ना तसं सगळ्यांना, वन्सं. मोठ्यानं सांगा. या म्हाताऱ्यांना सांगा, की आत्या रागावली काय, हसली काय, लेकराला काही होत नाही. — कशी सांगणार? त्याच्यावरच तर बसली होती ती! वरची चटई, मानाचं कापड, नाव ठेवणं, लेकरू उचलून नेणं — ते सगळं काढलं तर काय उरलं, एक मास्तरीण! दोनच होड्या ठेवल्या मी तिच्यासमोर, आणि दोन्हींना भोक. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला नाव ठाऊक होतं मी काय करतेय त्याचं. टक् करायला हात नुसता उचलायचा होता. नाही उचलला. आणि ती नवरीची आई उठली, आपल्या मुलीला दंडाला धरून वन्संपासून लांबच्या चटईवर नेऊन बसवलं. एवढंच.  माझी सासू गेली, वन्संच्या मांडीवरून लुपेला उचललं आणि माझ्या हातात दिलं. माझ्या हातात! सोमवारी बोट गेली, ती एकटी गेली, किनाऱ्यावर पोचवायला कोणी नव्हतं. मी गेले होते. लांबून. बघायला. पोट भरेपर्यंत बघितलं.

आणि तुम्ही म्हणता, शब्द मागं घे! काय मागं घेऊ? मी खोटं काय बोलले? मी तर नुसतं विचारलं. तिची हिंमत असती तर तिनंच विचारायला हवं होतं की ताप कधी चढला — विचारलं नाही, एवढी मोठी वादविवादाची बाई आणि साधा प्रश्न सुचला नाही! विचारती तर मी काय सांगणार होते? पहाटेच अंग कोमट होतं पोरीचं, खालची हिरडी पांढरी झालेली, मी बोट फिरवलं तर टोक लागलं, वन्सं उठायच्याही आधी, दात तर —

काय? काय म्हणाले मी? काही नाही म्हणाले. तसं नाही. दात नंतर आला. म्हणजे — पोरांना दात येतच असतात, त्याचं काय, तुम्ही असं बघू नका माझ्याकडे. तुम्हाला मूलबाळ नाही, तुम्हाला काय समजतंय हिरडीतलं?

बरं. जा, सांगा. सांगा तिला, दात होता. घाबरत नाही मी. सांगून काय करणार ती? येईल परत आणि म्हणेल, माझ्यामुळं नव्हता ताप, दातामुळं होता? म्हणू दे. मग मी विचारीन, म्हणजे आत्याच्या मनानं ताप येत नाही ना वन्सं? आणि ती पुन्हा तिथंच, त्याच भोकाच्या होडीत. भावजया घाबरून लांब पळाल्या ते तिला चालेल एक वेळ, पण घाबरायचं काही कारणच नाही असं कळलं तर? ते नाही चालणार. तुम्ही हे तिला सांगितलंत ना, तर तीच म्हणेल, गप्प बस, कुणाला बोलू नकोस. पैज लावते. खरं तिलाच नको आहे, बाई, मला एकटीला नाही. हा बंदोबस्त मी केला की तिनं केला मला ठाऊक नाही, पण पक्का झालाय. लुपे माझ्याजवळ राहील. वरची चटई रिकामी राहील. राहू दे. तिनं बसून बघावं तिच्या त्या निळ्या पायऱ्यांवर, पोरी पंखे आपटताना.

उठा. बोट सुटायच्या आत पोचायला हवं तुम्हाला. रताळं पानात बांधून देते — नको? नको तर नको.

बाई — जरा थांबा. इकडे या. लुपेच्या कपाळाला हात लावा जरा. झोपू दे, उठत नाही ती. गरम लागतंय? मला लागतं सकाळपासून. आणि आज दात नाही, मी नीट पाहिलं, आलेत ते पुरते वर आलेत, हिरडी गुलाबी आहे. दवाखान्यातली नर्स म्हणाली, काही नाही, हवा पालटलीय. काही नाहीच. बोट आली, पाऊस आला, मला काय कळत नाही? मी तर त्याला नावानिशी ओळखते. तुम्ही आलात आणि हिचं अंग तापलं, म्हणजे तुम्ही आणला का ताप? नाही. तसंच ते. तसंच. — पण तुम्ही निघालात तेव्हा कालोलाइने काय करत होती? चिडली होती? माझ्या नावानं बोटं मोडत होती? मोडू दे, चिडण्याचं काही नाही, चिडली तर बरंच आहे. पण रडत — ती रडली का हो? लुपेचं नाव घेऊन? तुमच्यासमोर?

नको. नका सांगू. तोंड फिरवा तिकडे, मला दिसायला नको. जा तुम्ही. जा म्हणते ना.